देवांना रस्ता फुकट मिळाला

अंबरनाथ पश्चिमेत कुणी नवी गाडी घेतली की ती पहिल्यांदा पूर्वेला जाते. सीटवरचं प्लास्टिक तसंच, हँडलला झेंडूचा हार, मागे बसलेल्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. उड्डाणपुलावरून रूळ ओलांडायचे, शिवमंदिरापाशी गाडी लावायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा. देवाचं झालं की खरा प्रश्न येतो, आता गाडी न्यायची कुठे? माळशेज नवख्याला लांब पडतो आणि तिथं घाट आहे. लोणावळ्याच्या वाटेवर कंटेनर मागे लागतात. म्हणून आमच्याकडे नवशिक्याला वर्षानुवर्षं एकच फेरा सांगितला जातो : शिवमंदिर, काकोळ्याचं धरण, बदलापूर, मुळगावचा खंडोबा, बारवीचं जंगल आणि घरी. सकाळी सहाला निघालं तर जेवायला परत. चढ आहेत ते दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे, वळणं आहेत ती समोरून येणारी एसटी आधी दिसेल अशी.

मी या रस्त्यावर भाच्यांना, पुतण्यांना, शेजारच्या पोरांना गाडी शिकवली. अलीकडे मुलीच जास्त शिकायला येतात आणि त्या क्लच कमी जाळतात, हेही नोंदवून ठेवतो. शिकवताना माणूस बडबडतो. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तर प्रत्येक वस्तू कुणी, कशासाठी बनवली हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तशीच बडबड करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात पक्की बसली. या फेऱ्यात देवळं आहेत, डोंगर आहेत, झाडी आहे. पण रस्ता यांतल्या कशासाठीही झालेला नाही. तो झाला पाण्यासाठी. रेल्वेला पाणी हवं होतं, कारखान्यांना हवं होतं, मग शहरांना हवं झालं. पाण्याच्या मागोमाग खडी आली, खडीवर डांबर आलं, आणि वाटेतल्या देवांना रस्ता फुकट मिळाला. पटत नसेल तर काटई नाक्याहून बदलापूरकडे येणाऱ्या हमरस्त्याला लोक काय म्हणतात ते विचारा. त्याचं सरकारी नाव कुणाच्या तोंडी नाही. तो ‘पाइपलाइन रोड’.

पण आधी पश्चिमेचं सांगतो, कारण गाडी इथून सुटते.

रुळांच्या पश्चिमेला आमचं गाव कारखान्यांनी वसवलं. पहिली मोठी विम्को, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. १९२२ मध्ये सरकारने परदेशातून येणाऱ्या काड्यापेट्यांवर जबर जकात बसवली. स्वीडनच्या काडीवाल्यांनी हिशेब केला, की माल आणण्यापेक्षा कारखानाच इथं आणलेला बरा. मुंबईला जवळ, रेल्वेच्या कडेला आणि जमीन स्वस्त, असं अंबरनाथ त्यांना सापडलं. माझे वडील तिथं पेट्या भरण्याच्या खात्यात होते. शिप आणि होम लाइट ही नावं देशभर गेली ती त्याच कंपनीची. सुरुवातीला काडीचं लाकूडही बाहेरून येई. पुढे आपल्याकडच्या सावरीवर भागवलं जाऊ लागलं. सावरीचं लाकूड मऊ, पांढरं, सालपटं काढायला सोपं. इमारतीला ज्याचा उपयोग नाही, असं ते झाड काडीपेटीला मात्र नेमकं लागू पडलं. आता कारखाना नाही; विम्को नाका आहे, रिक्षावाल्याला तेवढं पुरतं.

१९५०च्या दशकात ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिच्या शेजारची मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. ही दुसरी आमच्या तोंडी नुसती ‘एमटीपीएफ’. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. एका हातात डबा, पँटच्या पायाला क्लिप. त्या लोंढ्यात हळूहळू इंजिनं मिसळत गेली, आणि कोण कुठल्या खात्यात, कुठल्या पगारावर हे गाडीवरून कळू लागलं. लुना घेणारा नवा लागलेला असे. आकुर्डीच्या चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत. मुलीच्या लग्नाच्या याद्यांत चेतकचा नंबर कितवा लागलाय याची चौकशी होई. राजदूत दूधवाल्यांची. बदलापूर-मुरबाड पट्ट्यातले दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे त्या फटफटत आणत. पुढे बजाजची एम-८० आली आणि दूध तिच्यावर गेलं. आणि ज्याला खात्यात शौकीन म्हणत त्याची येझदी.

येझदीविषयी थोडं जास्त बोलतो, कारण मी शिकलो ती तिच्यावर. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी ही टू-स्ट्रोक गाडी. १९९६ला तो कारखाना बंद पडला. तिची किक आणि गिअर एकाच दांडीवर. दांडी आत दाबून मागे वळवली की ती किक व्हायची. मारून झाली की पुढे पाडायची, मग तीच गिअर. नवखा माणूस किक मारून दांडी पाडायला विसरे आणि गिअर शोधत पायाने हवेत चाचपडे. त्याच काळातल्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. येझदीवरून बुलेटवर बसलेला माणूस ब्रेक समजून गिअर दाबायचा. आजच्या पोरांना सगळ्या गाड्या सारख्या, बटण दाबलं की चालू. शिकायला उरतो तो फक्त क्लच. त्यामुळे अर्ध्या दिवसात ती रस्ता बघायला मोकळी होतात. आम्हाला पहिले सहा महिने रस्ता दिसलाच नाही, पायच दिसत होते.

उड्डाणपुलाच्या माथ्यावर मी नवशिक्याला थांबू देत नाही, मागून हॉर्न वाजतात. पण मागे बसून दक्षिणेकडे बोट दाखवतो. तो सुळका मलंगगडाचा. १७८० मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन अॅबिंग्टनने त्याला वेढा घातला. खालचा भाग घेतला, पण माथा काही हाती येईना. उलट मराठी फौजेने बाहेरून येऊन त्यालाच कोंडलं आणि त्याच्या सुटकेसाठी कर्नल हार्टलीला यावं लागलं. इंग्रज पुढे निघून गेले ते बाबा मलंगच्या कृपेने, अशी भावना झाली आणि पेशव्यांकडून कल्याणच्या काशिनाथपंत केतकरांच्या हाती दर्ग्याला आहेर गेला. कुणी तिथं हाजी मलंग म्हणून जातो, कुणी मच्छिंद्रनाथ म्हणून. माघी पौर्णिमेला दोघांची गर्दी एकाच वाटेवर असते. मलंगच्या पूर्वेला तावली, तिच्यापलीकडे चंदेरी, पुढे माथेरानची रांग. ही डोंगरांची ओळ आपल्याला दिवसभर सोबत करणार असते. मलंगची वाडी या फेऱ्यात धरू नये, तो निराळा दिवस आहे.

शिवमंदिराकडे आता सगळे लोक ‘हेमाडपंती’ म्हणून बोट दाखवतात. हेमाद्री पंडित यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. हे देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी ते बांधलं. छित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात पुरं झालं, असं मानतात. देवळाच्या उत्तर दारावरच्या शिलालेखात शक आहे. तो पहिल्यांदा डॉ. भाऊ दाजींनी वाचला तेव्हा ७८२ असा वाचला, म्हणजे देऊळ इसवी सन ८६०चं ठरलं. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या भगवानलाल इंद्रजींनी ते ९८२ असल्याचं दाखवलं. शके ९८२ म्हणजे १०६०. एक अंक बदलला आणि देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आलं. टूलरूममध्ये अशी चूक झाली की जॉब भंगारात जातो. इथं देऊळ जागचं हललं नाही, नशीब.

१८६८मध्ये मुंबई सरकारने या देवळाची चित्रं, फोटो आणि प्लास्टरचे साचे करून घेतले. त्यासाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले टेरी साहेब आणि त्यांचे विद्यार्थी इथं येऊन राहिले. मला त्या साचे करणाऱ्या पोरांचं फार अप्रूप वाटतं. साचा घ्यायचा म्हणजे दगडाच्या प्रत्येक खाचेत हात घालावा लागतो. शिलाहारांच्या पाथरवटानंतर त्या मूर्ती इतक्या जवळून कुणी हाताळल्या असतील तर या मुलांनी.

देऊळ पश्चिमाभिमुख आहे. बाहेरच्या भिंतींना सरळ सपाटी अशी नाहीच. कोपऱ्यामागून कोपरा फुटतो आणि प्रत्येक कोपऱ्यावर कुणी तरी उभं आहे. खाली हत्तींची ओळ, वर सुरसुंदरी, देव, ऋषी. सावकाश एक प्रदक्षिणा घालायला लावतो मी. गाडीवरून उतरलेल्या माणसाचे पाय थरथरत असतात, तेवढ्यात ते शांत होतात. मग आत. मंडपात चार कोरीव खांब. त्यांच्या पलीकडे गाभाऱ्याचं दार आणि दारातून पायऱ्या खाली जातात. वीसेक असतील. काळा दगड, मधोमध झिजून बशीसारखा झालेला, वर पाण्याचा ओलावा. भिंतीला हात लावत उतरायचं. उतरावं तसं बाहेरचा रिक्षांचा आवाज विरतो आणि बेल-दुधाचा वास गडद होतो. पिंड तळाशी. तिथं उभं राहून वर पाहिलं की शिखर माथ्याशी मिटलेलं नाही. तिथून आभाळाचा तुकडा दिसतो. पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं आणि उजाडल्यावर तसंच टाकलं, अशी गोष्ट गावात सांगतात. पांडवांना आमच्या जिल्ह्यात बरीच अर्धवट कामं चिकटवलेली आहेत.

या देवळाला रस्त्याची गरज कधी नव्हती. ते वालधुनीच्या काठावर आहे आणि नदी हीच त्याची जागा ठरवणारी. जुन्या काळी महाशिवरात्रीच्या जत्रेला लोक बैलगाडीने, शेताच्या बांधांवरून यायचे. १८५६मध्ये कल्याणहून खोपोलीकडे आगगाडी धावू लागली आणि जत्रा रुळांवर आली. शिवरात्रीला आजही लोकलच्या डब्यात बेलाची पानं पायाखाली येतात. तेव्हा रेल्वेनेही देवळासाठी मार्ग आखला नव्हता, तो पुण्याच्या घाटाकडे निघाला होता. देऊळ वाटेत पडलं.

मात्र रेल्वेला इथून एक गोष्ट हवी होती. वाफेचं इंजिन कोळशाइतकंच पाणी मागतं, आणि घाट चढायच्या आधी पोट भरून मागतं. मंदिराकडून काकोळे गावाकडे वळलं की थोड्याच वेळात डोंगराच्या कुशीत एक जुनं धरण लागतं. ते जीआयपी धरण. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी ते बांधलं. काठाची झाडी दाट आहे, समोर तावलीचा उतार, सकाळी पाण्यावर बगळे. नवशिक्याला पहिला थांबा मी इथं देतो. रस्ता अरुंद, वाहनं तुरळक. पहिला गिअर, हाफ क्लच, थांबणं, पुन्हा सुटणं, हे सगळं इथं करून घेता येतं. १९२९च्या सुमारास मुंबई-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली आणि धरणाची पूर्वीची तहान संपली. पण रेल्वेने पाणी सोडलं नाही. गाडीत तुम्ही जी ‘रेल नीर’ची बाटली घेता तिचा एक कारखाना अंबरनाथलाच आहे आणि त्याला पाणी जातं ते याच धरणातून. आधी इंजिन प्यायचं, आता प्रवासी पितात.

आणि वालधुनी नदी निघते ती याच काकोळ्याच्या डोंगरात. इथं ती ओंजळीने प्यावी अशी आहे. इथून शिवमंदिर जेमतेम काही किलोमीटर. तेवढ्या अंतरात ती वस्तीतून आणि कारखान्यांमधून जाते. देवळामागे पोहोचते तेव्हा तिचा रंग दिवसागणिक वेगळा असतो. पुढे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना त्या बराकी मिळाल्या, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचं उल्हासनगर झालं. बराकीत राहून त्या लोकांनी घरोघर धंदे उभे केले. आमच्या गाड्यांचे आरसे, सीटकव्हर, केबल सगळं आम्ही तिथूनच आणतो. नदीला मात्र कुणी वाली राहिला नाही. २०१४च्या नोव्हेंबरअखेर कुणी तरी टँकरभर रसायन तिच्यात ओतलं आणि काठच्या शेकडो लोकांना रात्रीत श्वास घेता येईना, इस्पितळं भरली. एका गाडीफेऱ्यात नदीचा जन्म आणि तिची ही गत दोन्ही बघायला मिळतात. मी पोरांना आधी देऊळ दाखवतो, मग धरण. उलट्या क्रमाने नेलं तर वाईट वाटतं.

काकोळ्याहून हमरस्त्याला लागून बदलापूर. या टप्प्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. इमारती, खोदकाम, शाळेच्या बसगाड्या. एवढंच सांगतो, की इथं डाव्या बाजूने चालवायचं आणि रिक्षाच्या मागे जायचं नाही. तिला ब्रेक लाइट नसतो, ड्रायव्हरचा पाय बाहेर आला की ती थांबणार असं समजायचं.

बदलापूर पूर्वेहून एक फाटा कोंडेश्वरला जातो. महादेवाचं देऊळ, अलीकडे भोज धरण, दगडात पडणारा धबधबा आणि त्याखाली कुंड. जागा सुंदर आहे, वाद नाही. पण कुंडाचा तळ कळत नाही, डोंगरात पाऊस झाला की वरून लोंढा एकदम येतो आणि दरवर्षी तिथं पोरं बुडतात. पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदी घालतात. बंदीच्या फलकाखालीच गाड्या लावलेल्या असतात. नवशिक्याच्या फेऱ्यातून मी कोंडेश्वर काढून टाकला आहे. तिथं गाडी चालवणं सोपं आहे, मुलांना पाण्याबाहेर ठेवणं अवघड.

त्यापेक्षा रूळ ओलांडून बदलापूर पश्चिमेला यावं आणि उल्हास नदीच्या पुलावर जरा वेग कमी करावा. एप्रिल-मेमध्ये जवळपासचे ओढे कोरडे पडतात तेव्हाही ही नदी वाहती असते. कारण बरंचसं पाणी तिचं नाही. मावळात आंध्रा नावाची नदी आहे, ती खरी इंद्रायणीला मिळायची, तिथून भीमेला, म्हणजे पंढरपूरच्या दिशेने. टाटांनी तिला ठोकरवाडीला अडवलं, पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून इकडे भिवपुरीला सोडलं आणि १९२२पासून त्यावर वीज केली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. जनित्रातून सुटलेलं पाणी उल्हासात येतं, आणि बदलापूरच्या बंधाऱ्यातून ते उचलून जीवन प्राधिकरण आमच्या नळाला सोडतं. आमच्या घरात माझी आई आषाढी करायची. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे विठोबाचं पाणी आपण वापरतो की रे.” मग हंडा भरताना नमस्कार करू लागली. ही नदी रागावलीही आहे. २६ जुलै २००५ला बदलापूर पाण्याखाली गेलं, आणि २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मधे चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पुरात अडकली. त्यांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं.

पूल ओलांडला की एरंजाड, मग मुळगाव, आणि हवेत बदल जाणवतो. इथून पुढे गाडी शिकणाऱ्याला खरी मजा. मुळगावचा खंडोबा टेकडीवर आहे, पायऱ्या चढून जायचं. चंपाषष्ठीला भंडाऱ्याने पायऱ्या पिवळ्या होतात. एरवी सकाळी शांत असतं. वरून बारवीचं खोरं दिसतं आणि खाली जाड जलवाहिन्या अजगरासारख्या पसरलेल्या. माझं म्हणणं पटवून द्यायला याहून चांगली जागा नाही. त्या वाहिन्या पाहा आणि रस्ता पाहा. दोघे एकमेकांना सोडत नाहीत.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये झालं. ठाणे-बेलापूर, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर इथं भूखंड पाडले, कारखाने बोलावले, आणि कारखान्यांनी पहिली गोष्ट मागितली ती पाणी. म्हणून बारवी नदीवर धरण आलं, १९७२मध्ये. मुळात ते उद्योगांसाठी. पण कारखान्यांमागून कामगार आले, कामगारांच्या वस्त्यांची शहरं झाली आणि उद्योगांचं धरण शहरांना पाजू लागलं. आता जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन हे पाणी कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, नवी मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर असं लांबवर जातं. तहान वाढली तशी भिंतीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. आता पातळी ७२.६० मीटर आणि साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर. दरवाजे असे बसवले आहेत की पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात, मोटर नाही, माणूस नाही. टूलरूमवाल्याच्या नजरेला हे काम आवडतं. धरण भरतं तेव्हा ते बघायला गर्दी होते.

त्या वाढत्या उंचीखाली तोंडली, काचकोळी, मोहघर अशी गावं-पाडे गेले. काही लोकांना एकदा उठवलं, मग उंची वाढली म्हणून पुन्हा उठवलं. मोर्चे झाले, वर्षं गेली. शेवटी घरटी एकाला महामंडळात आणि ज्या महापालिका हे पाणी पितात त्यांच्यात नोकरी द्यायचं ठरलं. हा तोडगा मला न्यायाचा वाटतो, फार उशिरा आला तरी. ज्याचं शेत पाण्याखाली, त्याच्या पोराच्या हाती पाणीखात्याची पावती.

बारवीच्या कडेचं जंगल तुम्हाला दाट वाटेल. साग, ऐन, मोह, पळस, काटेसावर. या जंगलानेही नोकरी केलेली आहे. खैराचा कात काढणारे कातकरी, कोळशाच्या भट्ट्या, इमारतीचा साग, काडीपेटीची सावर, सगळं इथल्या डोंगरांनी पुरवलं. आज जे उभं आहे ते बरंचसं धरणाच्या पाणलोटामुळे राखलं गेलं. म्हणजे झाडीचं श्रेयही पुन्हा पाण्याकडेच जातं. शिवरात्रीच्या आसपास गेलात तर पानं गळून उघड्या झालेल्या सावरीवर नुसती लाल फुलं असतात, आणि खाली रस्त्यावर पडलेल्या पाकळ्यांवरून चाक सटकतं. तिथं पुढचा ब्रेक दाबायचा नाही. मेमध्ये ठाकूर-कातकरी बायका पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन कडेला बसतात, पावसाच्या सुरुवातीला शेवळी, कंटोली. घासाघीस करू नका. तो द्रोण करायलाही हात लागतात.

भाचीला या रस्त्यावर शिकवत होतो तेव्हा उतारावर ती सारखी क्लच दाबून गाडी सोडून द्यायची. म्हटलं, “गिअरमध्येच राहू दे, इंजिन धरतं गाडीला.” तिने विचारलं, “मामा, मग ब्रेक कशाला दिलाय?” म्हटलं, “इंजिनला जमलं नाही तर.” तेव्हापासून ती उतार नीट उतरते. या रस्त्याची शिकवणी एवढीच आहे. बाकी सगळं शहरातल्या रहदारीत शिकावं लागतं.

धरणापासून परत फिरावं. पुढे रस्ता मुरबाडकडे जातो, पण नवशिक्याचा हात तोवर दुखायला लागलेला असतो आणि ऊनही वर येतं. परतीला पाइपलाइन उजव्या-डाव्या हाताला दिसत राहते, तिच्यावर कपडे वाळत घातलेले, बकऱ्या बसलेल्या. घरी पोहोचल्यावर नळ सोडला की कळतं आपण कुणाच्या मागून गेलो होतो.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात डांबर खचतं आणि वळणावर चिखल येतो. तेव्हा शिकायचं नाही, फक्त बघायला जायचं, तेही मागे बसून. धरणाच्या भिंतीकडे जायचा हट्ट धरू नका. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, मूर्तींना शेंदूर लावू नका, त्यांच्यावर पाय देऊन फोटो काढू नका. पाण्याची बाटली घरून भरून न्या आणि रिकामी परत आणा. लायसन्स कच्चं असेल तर ‘एल’ची पाटी लावा आणि पक्कं लायसन्स असलेला माणूस मागे बसवा. हेल्मेट दोघांनीही घाला.